गौराक्कांची चाकाची वाट

परवा नातू आला आणि म्हणाला, "आजी, गुडघे गुडघे करत घरात किती बसशील? चाकाची खुर्ची आणतो, तुला नळदुर्गचा किल्ला दाखवतो." मला हसूच फुटलं. त्याला वाटलं, म्हातारी खूश झाली. म्हटलं, अरे बाळा, चाकाच्या खुर्चीतनं किल्ला बघायची टूम तुझा बाप जन्मायच्या आधी, निजामाच्या अमदानीत, आमच्या शेजारणीनं काढली होती. ती कुठवर चढली ते ऐकलंस तर तोंडात बोटं घालशील. सांग म्हणाला. मी सांगायला बसले, आणि सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला. इतकी वर्षं झाली तरी येतो.

शेजारीण म्हणजे गौराक्का. मी माकणीहून लग्न होऊन नळदुर्गात आले तेव्हा आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांच्या भावाचं, शिवाप्पांचं घर होतं. लिंगायत वाणी माणसं, गळ्यात लिंग, घरातलं बोलणं निम्मं कानडी नि निम्मं मराठी. शिवाप्पांचं भुसाराचं दुकान. गौराक्का त्यांच्याहून थोरल्या. लहानपणी ताप आला आणि कमरेखालचं सगळं गेलं. लग्न झालं नाही. कुणी बाई त्यावरून हळहळायला लागली की त्या म्हणायच्या, "एक जनावर सांभाळते की म्या. दुसरं कशाला गं?"

ते जनावर म्हणजे त्यांचा गाडा. बाभळीची बिनपायांची खुर्ची, बगलेला दोन मोठी चाकं, पुढं एक लहान, चाकांना लोखंडी पट्टी आणि हातानं फिरवायला खुंट्या. गावच्या सुताराकडनं त्यांनी तो तीनदा मोडून घेतला आणि तीनदा जोडून घेतला. सुतार लांबून त्यांना येताना बघून मागच्या दारानं निघून जायचा म्हणे. गाड्याचं नाव बसव्या. "नडी, बसव्या, नडी!" असं ओरडत त्या भर बाजारातनं जायच्या. नडी म्हणजे कानडीत चाल. पोळ्याला गावचे बैल सजले की ह्यांचा बसव्याही सजायचा. चाकांना करडीचं तेल, खुंट्यांना गेरू, पाठीवर झूल, आणि पुरणपोळीचा घास चाकापुढं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गौराक्का म्हणायच्या, "हसा. तुमच्या बैलांनी तुमाला कुठं नेलं ते सांगा आधी."

गौराक्का माणसं पायांवरून ओळखायच्या. मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओट्यावर डोईवरनं पदर ओढून बसले होते. तोंड दिसत नव्हतं माझं. गाडा येऊन थांबला आणि आवाज आला, "टाचंच्या भेगंत काळं रान बसलंय. तेरणेकाठची दिसतीस. माकणी का गं?" मी दचकून पाय आत घेतले. तेव्हापासनं मी त्यांची माकणीकरीण. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

एकदा त्यांच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "अक्का, तुम्ही तोंडाकडं बघत नाहीत का वो माणसांच्या?"

"मान दुखती गं. सगळी जनं वर. म्या खाली. माझ्याशी बोलत्यात ती माझ्या डोसक्याशी बोलत्यात." मग शेंग दातानं फोडून म्हणाल्या, "वरनं खाली म्हणून म्या आजवर फकस्त आमटीचं भांडं बघितलंय."

बोलल्या हसत, पण मला ते लागलं.

किल्ला आमच्या दारातनं दिसायचा. रोज दिसणारी गोष्ट, कोण बघतंय तिच्याकडं? मी तर लग्न झाल्यापासनं चूल, आड आणि मळा सोडून कुठं गेले नव्हते. गौराक्का मात्र किल्ल्याकडं असं बघायच्या की जसं काही त्यात त्यांचं देणंघेणं आहे. शिवाप्पा बिचारे म्हणायचे, "अक्का, चल, पाठकुळी घेऊन दाखवतो." त्या ऐकायच्या नाहीत. त्याला कारण होतं. लहान असताना त्यांचे वडील त्यांना खांद्यावर घेऊन येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला गेले होते. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, वडील पायऱ्यांवरनं कोसळले आणि त्यांचा हात जन्माचा वाकडा झाला. पोरीला खरचटलं देखील नाही. ती गोष्ट सांगताना गौराक्कांचा आवाज बारीक व्हायचा. "मला पडायचं असंल तर म्या एकटी पडंन. दुसऱ्याला घिऊन पडायचं न्हाय."

म्हणून त्यांनी चाकाची वाट शोधली. त्यांचं डोकं कसं चालायचं बघा. सगळे सांगायचे, किल्ला म्हणजे नुसत्या पायऱ्या. त्या म्हणाल्या, "व्हय का? मग ती थोरली तोफ वर गेली ती पायऱ्या चढून गेली का? तोफेला कुठं पाय हायत? माझ्यावानीच की ती." हत्ती आत जायचे, पालख्या जायच्या, पखालीचे बैल जायचे. "हत्तीला कुणी उंबरा लावतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी बसव्या किल्ल्याच्या वेशीतनं आत घातला आणि कित्येक महिने रोज थोडा थोडा किल्ला हुडकला. तोफ कुठनं ओढली असेल तिथनं त्या जायच्या. गवत उपटून उतरणी मोकळ्या केल्या, दगड बाजूला करून घेतले. तळहाताला घट्टे पडले होते, बैलाच्या मानेला पडतात तसे. जिथं चाक गेलं नाही तिथनं परत फिरायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या अंगानं यायच्या. किल्ला बांधणारांनी पाय नसलेल्यांसाठी वाट ठेवलीच होती, आम्हा पायवाल्यांना ती दिसली नव्हती.

मग एक दिवस त्या आमच्या घरात आल्या. माझ्या सासूबाई गोठ्यात पडून कंबर मोडल्यापासनं अंथरुणावर होत्या. तोंड भिंतीकडं. कुणाशी चकार शब्द नाही. जेवण पुढं ठेवायचं आणि तसंच उचलायचं. गौराक्का म्हणाल्या, "सासूला माझ्या गाड्यात घाल. म्या माझ्या जुन्या चाकांच्या फळीवर येते."

"अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकं काय म्हणतील ते वाटंत ऐकू. चल, ऊठ."

श्रावण होता, बोरी नदी दुथडी भरलेली. पुढं बसव्यात सासूबाई, तो मी ढकलतेय, मागनं चार चाकांच्या फळीवर हातानं जमीन रेटत गौराक्का. अख्खा बाजार उभा राहून बघत होता. किल्ल्याच्या आत नदीला बंधारा घातलाय, त्यावरनं पाणी दोन धारांनी खाली कोसळतं. एकीला नर म्हणतात, एकीला मादी. बंधाऱ्याच्या माथ्यावर आम्ही गाडा नेऊन थांबवला. काय तो आवाज! पायाखालचा दगड थरथरत होता. तुषार उडून सासूबाईंच्या तोंडावर बसायला लागले. मी घाबरून गाडा मागं ओढायला गेले, तर गौराक्कांनी माझं लुगडं धरून थांबवलं.

सासूबाई बघत राहिल्या. बघत राहिल्या. मग माझ्याकडं वळून खेकसल्या, "डोईवरचा पदर भिजला माझा, आन् तू काय बघत बसलीस, भवाने?"

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडातनं निघालेला तो पहिला शब्द. मला इतका आनंद झाला की मी तिथंच रडायला लागले. गौराक्का म्हणाल्या, "झाली सुरू. आता ही बंद हुयाची न्हाय." आणि खरंच, मरेपर्यंत सासूबाई बंद झाल्या नाहीत.

त्यानंतर लोक यायला लागले. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, पाय मोडलेला एक पैलवान, दिवस भरत आलेली एक बाई. सगळ्यांना गौराक्का आपल्या वाटेनं किल्ला दाखवायच्या. पुढं स्वतः फळीवर, मागं बसव्या. पैलवानाला वाटेत लाज वाटायला लागली तर म्हणाल्या, "लाज कसली रं? तोफा हाय आपण. तोफा चालत न्हायत, ओढाव्या लागत्यात." गडी इतका फुलला म्हणता!

एक जागा तेवढी राहिली. उपळी बुरूज. किल्ल्याच्या मधोमध उभा, सगळ्यांत उंच. वर जायला नुसत्या पायऱ्या आणि माथ्यावर लांबलचक तोफा. गौराक्कांनी त्याच्याभोवती फिरून फिरून बघितलं. उतरण नाही. बुडाशी गाडा लावून मान वर करून बसायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "तोफ गेली हाय. म्हंजी वाट हाय."

आणि मग दिवस फिरले. तिकडं देशाला स्वातंत्र्य मिळालं, पण आमच्याकडं निजामच. रझाकारांची दहशत वाढली. संध्याकाळ झाली की दारं लागायची. एक एक घर हद्द ओलांडून सोलापूरला जाऊ लागलं. शिवाप्पांनीही ठरवलं. दुकान गुंडाळलं, गाडी सांगितली. शनिवारी पहाटे निघायचं. मी भिंतीपलीकडनं भांडी बांधायचे आवाज ऐकत होते. दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"माकणीकरणी, म्या ह्या गावात जन्मले. केस पांढरे झाले. आन् गाव कसं दिसतंय ते मला ठावं न्हाय. परत यीन का न्हाय, शिवाला ठावं. मला एकडाव वरनं बघायचंय गं." डोळ्यात पाणी नव्हतं, पण हात बसव्याच्या खुंटीवर घट्ट आवळला होता. "तोफ कशी चढवली ते मला घावलंय. मोटंनं."

मला वाटलं, जाण्याच्या दुःखानं डोकं फिरलं. पण त्यांनी सगळं नीट मांडून सांगितलं. विहिरीतनं मोट वर येते ती चाकावरनं नाडा ओढून. बुरुजाच्या माथ्यावर ओंडका बाहेर काढायचा, त्याला एक चाक, बुडाशी एक चाक, नाड्याच्या एका टोकाला बसव्या आणि दुसऱ्या टोकाला बैल. आमच्या मळ्यावर मोट हाकणारा धोंडिबा होता, त्याला त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. तो हो म्हणाला होता! त्याच्या म्हातारीनं गाड्यात बसून किल्ला बघितला होता ना.

राहिला प्रश्न किल्ल्यावरच्या जमादाराचा. करीम जमादार. मोठ्या मिशा, आवाज त्याहून मोठा, पण मनाचा मऊ. तो कानावर हात ठेवून म्हणाला, "नक्को अक्का, नक्को. माहौल ठीक नै. ऊपर तोफां हैं. औरत का क्या काम? और गिर गए तो?"

"गिरे तो नीचेच आयेंगे ना?" गौराक्का म्हणाल्या. "नीचेच तो रहते हम."

जमादारानं मिशा ओढल्या. मग म्हणाला, जुम्म्याला दुपारी सगळे साहेबलोक नमाजाला जातात, मीही जातो, त्या वेळात किल्ल्यात काय होतं ते मला माहीत नाही.

शुक्रवार उजाडला. दुपारी आम्ही किल्ल्यात; ओंडका नि चाकं लागलेली, नाड्याला धोंडिबाची बैलजोडी जुंपलेली. शिवाप्पा बुरुजावर चढले होते, मनातनं देवाचा धावा करत. माझ्या यजमानांच्या हातात कडेचा दोर, गाडा भिंतीला आपटू नये म्हणून. गौराक्कांनी स्वतःला उपरण्यानं खुर्चीला बांधून घेतलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि म्हणाल्या, "हाक, धोंडिबा."

धोंडिबानं गाणं धरलं. गाण्याशिवाय त्याची जोडी पाऊल उचलायची नाही, हे शिवारभर माहीत होतं. नाडा ताणला, चाक करकरलं, आणि बसव्या जमिनीवरनं उठला. दोन्ही मोठी चाकं हवेत आपली आपणच सावकाश फिरत होती. गौराक्का वर वर चालल्या. माझ्या गुडघ्याएवढ्या, माझ्याएवढ्या, मग माझ्यावर. मी त्यांना पहिल्यांदा मान वर करून बघितलं. त्यांचे ते बारीक निर्जीव पाय माझ्या डोक्यावरनं गेले आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी हात जोडले.

माथा हातभर राहिला. शिवाप्पा वाकून हात पुढं करतायत. तेवढ्यात गाणं थांबलं.

मोट ज्यानं बघितली नाही त्याला इथं सांगायला पाहिजे. मोट विहिरीच्या काठाशी आली, पाणी पडलं, की धोंडिबा गाणं तोडायचा. गाणं तुटलं की बैलांनी मागं सरायचं, म्हणजे मोट परत खाली. जन्मभराची सवय ती. धोंडिबानं गाडा काठाशी आलेला बघितला आणि सवयीनं गाणं तोडलं. बैल बिचारे सवयीनं मागं सरायला लागले.

बसव्या खाली यायला लागला. शिवाप्पा वरनं किंचाळले. आम्ही खाली सगळे एकदम ओरडलो, त्या गोंधळानं बैल आणखीच बुजले नि झपाझपा मागं सरले. कडेचा दोर यजमानांच्या हातातनं सुटला, गाडा गरकन फिरला. मी डोळे मिटले. आणि वरनं आवाज आला. घाबरलेला नव्हे, चांगला सणसणीत.

"धोंड्याऽऽ! मेल्या, म्या काय पाण्यानं भरलेली मोट हाय का? गाणं म्हण! गाणं तोडू नगंस!"

धोंडिबानं गाणं धरलं. सूर कुठला नि ताल कुठला, नुसता रडका आवाज. पण बैलांनी तो ओळखला. थांबले. कान हलवले. आणि पुढं पाऊल टाकलं. धोंडिबाला पुढची ओळच आठवेना, तो एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता, घामानं निथळत. गौराक्का पुन्हा वर चालल्या. एकदाही त्यांनी डोळे मिटले नाहीत, मी बघितलं ना. ह्या खेपेला काठाशी शिवाप्पांच्या शेजारी आणखी दोन हात दिसले. मोठ्या मिशांचा माणूस. दोघांनी मिळून बसव्याला आत ओढून घेतलं. धोंडिबा तरी गातच होता. त्याला थांब म्हणून सांगायला माणूस पाठवावा लागला.

मी पायऱ्या चढून धावत वर गेले. जमादार खाली येत होता. मला बघून गुरकावला, "हम कुछ देखे नै," आणि बाहीनं डोळे पुसत निघून गेला.

वर वारा होता. गौराक्का तोफेच्या शेजारी गाडा लावून बसल्या होत्या. खाली सगळं गाव. बोरी नदीचं वळण, बंधारा, बाजार, आमची घरं, काळी रानं पार आभाळाला टेकलेली. मी सुद्धा पहिल्यांदाच बघत होते. धडधाकट दोन पाय घेऊन इतके दिवस मी कुठं होते देव जाणे.

"ते बघ तुझ्या घराचं धाबं," गौराक्का म्हणाल्या. "धूर निघतोय. सासूनं सरकत जाऊन च्या ठिवला जनू." मग बाजाराकडं बोट केलं. "ह्यो कोन गं, पांढऱ्या पटक्याचा?"

मी सांगितलं, तेली.

"अन् त्यो?"

"अक्का, तो तुमचा सुतार."

"आगं बया! टक्कल पडलंय की त्याला!" आणि त्या हसायला लागल्या. साऱ्या गावाला पायांवरून ओळखणारी बाई, डोक्यांवरून तिला एक माणूस ओळखू येईना. लहान पोरागत विचारत होत्या, ह्यो कोन, त्यो कोन. हसता हसता त्यांच्या गालांवरनं पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. किती वेळ बसलो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की त्यांच्या शेजारी उभं राहायला मला संकोच वाटला आणि मी खाली दगडावर बसले.

उतरताना काही त्रास झाला नाही. धोंडिबानं गाणं तोडलं, बैल आपल्या सवयीनं मागं सरत गेले.

शनिवारी पहाटे गाडी निघाली. मी वेशीपर्यंत बरोबर गेले. सामानाच्या वर बसव्या दोरखंडानं बांधलेला. शिवाप्पा, त्यांची बायको, पोरं, सगळी मागं तोंड करून बसलेली. उजाडत होतं, बुरूज दिसायला लागला होता, आणि सगळी त्याच्याकडं बघून हुंदके देत होती. शिवाप्पांसारखा माणूस धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडत होता. गौराक्का तेवढ्या गाडीवानाशेजारी, तोंड सोलापूरच्या रस्त्याकडं करून बसल्या होत्या.

मला राहवलं नाही. मी पुढं जाऊन जू धरलं आणि म्हटलं, "अक्का, एकदा तरी मागं बघा की वो. परत कधी दिसंल गाव?"

"माझं बघून झालंय की गं." किती सरळ म्हणाल्या. डोळे कोरडे, तोंडावर पहाटेचा उजेड.

मी जू सोडलं नाही. उभी राहून रडत राहिले. तेव्हा त्यांनी मान थोडी बाजूला केली, माझ्या खांद्यावरनं पलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माकणीकरणी, जरा सर बाजूला. पुढचं दिसंना झालंय."

मी बाजूला झाले.